अंकांचा सांगाती

नागपूर शहराच्या पूर्व भागात कळमना येथे मोठा बाजार आहे. धान्याची पोती, मिरच्यांचे ढीग, संत्र्यांच्या राशी यांनी तो गजबजलेला असतो. मालाने भरलेली एखादी गाडी काट्यावर येऊन उभी राहते आणि तोलणारा वजनाचा आकडा चिठ्ठीवर उतरवून देतो. समजा, तो आकडा ५२८० आहे. शेतकरी त्या आकड्याकडे पाहून आपल्या वर्षभराच्या कष्टाचे मोल मनात मांडतो. व्यापारी त्याला भावाने गुणतो. हमाल आपल्या पाठीवर किती ओझे येणार, याचा अंदाज घेतो. गाडी रिकामी झाली की चिठ्ठीचे काम संपते आणि आकडाही विसरला जातो.

परंतु महाराष्ट्रात असे एक गृहस्थ होऊन गेले, की ही चिठ्ठी त्यांच्या हाती पडली असती, तर माल गव्हाचा की तुरीचा, हे त्यांनी विचारलेही नसते. त्यांचे लक्ष त्या चार अंकांवरच खिळून राहिले असते. अंकांचा क्रम बदलून, त्यांची बेरीज करून, त्यांची वजाबाकी करून त्या संख्येच्या पोटात काय दडले आहे, हे पाहिल्यावाचून त्यांना चैन पडले नसते. इतरांना आकडे हे मालाचे माप वाटत. या गृहस्थांना आकडे हाच माल होता. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू या समुद्रकाठच्या गावी झाला. दत्तात्रेय अवघे आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्यानंतर वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील पेशाने कारकून. परंतु त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पंचांग उघडावे, ग्रहांची स्थाने पाहावीत, कुंडल्या मांडाव्यात, हा त्यांचा आवडता उद्योग. ज्योतिषाच्या भाकितांचे खरेखोटेपण क्षणभर बाजूला ठेवले, तरी कुंडली मांडावयाची तर बेरजा, वजाबाक्या आणि भागाकार बिनचूक यावे लागतात, यात संशय नाही. मुलगा वडिलांशेजारी बसून ही आकडेमोड पाही आणि हळूहळू स्वतःही करू लागे. ग्रहांचे फळ काय ते त्याने फारसे मनावर घेतले नाही. आकड्यांची गोडी मात्र त्याला कायमची लागली. आईवेगळ्या त्या मुलाला वडिलांकडून मिळालेला हा वारसा पैशाअडक्याचा नव्हता. परंतु तो आयुष्यभर पुरला.

माध्यमिक शिक्षणासाठी दत्तात्रेय ठाण्यास आले. तेथेही मोकळा वेळ मिळाला की गणिताची कोडी सोडवीत बसणे, हाच त्यांचा खेळ होता. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिज येथे १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, हे या महाविद्यालयाचे अनेक वर्षे प्राचार्य होते. त्यांच्या नावाने विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी एक पारितोषिक दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. पुढे आणखी मोठी पदवी मिळविण्याचा योग मात्र त्यांच्या आयुष्यात आला नाही. नाशिकजवळच्या देवळाली या छावणीच्या गावी ते गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

देवळालीत विद्यापीठ नव्हते, मोठे ग्रंथालय नव्हते, संशोधनात सोबत करणारे विद्वानही नव्हते. कापरेकरांपाशी होते ते कागद, लेखणी आणि एक ते नऊ व शून्य हे दहा अंक. परंतु ज्याला पाहावयाचे आहे, त्याला या दहा अंकांत पाहण्यासारखे किती आहे, हे त्यांनी पुढील तीस-बत्तीस वर्षांत दाखवून दिले.

त्यांच्या पाहण्याची रीत कशी होती, हे एका उदाहरणावरून समजेल. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या मार्गावर डोंबिवलीचे स्थानक आहे. तेथे असताना कापरेकरांच्या मनात एका प्रकारच्या संख्यांचा विचार आला. या स्थानकाचे डेमलो असेही एक नाव होते, म्हणून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. त्या संख्यांपैकी सर्वांत देखण्या संख्या अशा मिळतात:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

एकाच अंकाच्या संख्येला त्याच संख्येने गुणावे आणि उत्तरात अंकांनी ओळीने जिना चढावा व पुन्हा उतरावा, हे पाहून कोणालाही नवल वाटेल. परंतु कापरेकरांना नुसते नवल वाटून भागत नसे. ते कारण शोधीत. येथे कारण गुणाकाराच्या मांडणीतच आहे. १११ ला १११ ने गुणताना १११ ही संख्या तीन वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून, एकाखाली एक लिहावी लागते. मग बेरीज करताना अगदी उजव्या रांगेत एकच एक येतो, पुढच्या रांगेत दोन, मधल्या रांगेत तीन आणि पुन्हा दोन व एक. म्हणून उत्तर १२३२१.

हाच जिना वाढवीत नेला म्हणजे नऊ एकांच्या संख्येपाशी त्याची सर्वांत उंच पायरी येते. १११११११११ ला तिनेच गुणले असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही प्रचंड संख्या मिळते. हिच्यात सतरा अंक आहेत. भास्कराचार्यांनी आपल्या ‘लीलावती’ या ग्रंथात एकं, दहं, शतं येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानापर्यंत ही संख्या पोचते. परार्ध अवघे एका घरावर राहते. एवढी मोठी संख्या सहसा कोणी ध्यानात ठेवू शकणार नाही. परंतु हिचा जिना ज्याला समजला, तो लहान मुलगाही ती न अडखळता फळ्यावर लिहून दाखवील. नऊऐवजी दहा एक घेतले, तर मात्र मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा एक पुढे न्यावा लागतो आणि जिना मोडतो. त्या वेळी उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. सौंदर्य कोठवर टिकते आणि कोठे संपते, दोन्ही जाणणे याचेच नाव गणित.

काही संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणाऱ्या संख्या असे नाव दिले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. १२ ही संख्या घ्यावी. तिच्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला पूर्ण भाग जातो. १३ मात्र हर्षद नाही. कारण ४ ने १३ ला भाग जात नाही. आता वर सांगितलेली सतरा अंकी संख्या पाहावी. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि तिला ८१ ने भागले असता बाकी काही उरत नाही. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग असतो. या शेवटच्या संख्येत एक ते नऊपर्यंतचे अंक ओळीने आले असून केवळ आठ तेवढा गैरहजर आहे. डेमलो संख्यांचा जिना आणि हर्षद संख्यांचा आनंद असे एकाच ठिकाणी भेटतात.

कापरेकरांनी अभ्यासलेल्या आणखी एका प्रकारच्या संख्या ‘स्वयंभू’ या नावाने ओळखल्या जातात. देवळालीवरून त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात. त्यांची गोष्ट अशी. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ मध्ये २ आणि ३ मिळविले की २८ होतात. म्हणजे २३ ही २८ ची जन्मदात्री झाली. २८ पासून ३८, ३८ पासून ४९, ४९ पासून ६२, असा हा वंश पुढे चालतो. काही संख्यांना दोन जन्मदात्या असतात. १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही मिळते. परंतु काही संख्या अशा आहेत, की त्यांना एकही जन्मदात्री सापडत नाही. २०, ३१, ४२, ५३ या त्या जातीच्या होत. देवळातील स्वयंभू मूर्ती जशी कोणी घडविलेली नसते अशी श्रद्धा असते, तशा या संख्या कोणापासूनही उत्पन्न झालेल्या नाहीत. म्हणून त्या स्वयंभू. अशा संख्या कितीही पुढे गेले तरी संपत नाहीत.

ज्या संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात, त्यांचीही मौज पाहण्यासारखी आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून ते मिळविले, की पुन्हा ४५ हजर! २९७ चा वर्ग ८८२०९. आणि ८८ व २०९ यांची बेरीज २९७. सहा अंकी १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ इतका होतो. आणि २०४०८ मध्ये १२२४४९ मिळविले असता १४२८५७ हीच संख्या परत येते. संख्या फोडली तरी तिचे मूळ रूप हरवत नाही.

परंतु कापरेकरांचे नाव जगभर झाले ते एका चार अंकी संख्येमुळे. ती संख्या म्हणजे ६१७४. कळमना बाजारातील ५२८० या चिठ्ठीला आता पुन्हा हाती घ्यावे. तिच्यातील अंक उतरत्या क्रमाने लिहिले तर ८५२० ही संख्या होते. चढत्या क्रमाने लिहिले तर ०२५८ होते. मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्याचे अंक पुन्हा तसेच मांडावेत आणि पुन्हा वजाबाकी करावी:

८५२० − ०२५८ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

येथे येताच प्रवास थांबतो; कारण ६१७४ चे अंक मांडून वजाबाकी केली, तर ७६४१ − १४६७ = ६१७४, असे पुन्हा तेच उत्तर येते. आश्चर्य असे, की आरंभी कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी शेवट हाच होतो. दोनच अटी पाळाव्या लागतात. चारही अंक एकसारखे नसावेत, आणि वजाबाकीत पुढे शून्य आले तर ते गाळू नये. सात वजाबाक्यांच्या आत, किंवा फार झाले तर सातव्या वजाबाकीला, ६१७४ भेटतेच. कापरेकरांच्या जन्माचे वर्ष १९०५ घेतले तर पुऱ्या सात पायऱ्या लागतात. त्यांच्या निवृत्तीचे वर्ष १९६२ घेतले तर दोनच. वाचकांनी पाटीवर हे स्वतः करून पाहावे.

असे का घडते? या जादूतही हातचलाखी नाही. तेथे हिशेबच आहे. चार अंकांपैकी सर्वांत मोठा अंक एका संख्येत हजाराच्या घरी असतो आणि दुसऱ्या संख्येत एककाच्या घरी. सर्वांत लहान अंकाचे याच्या उलट. म्हणून त्या दोन अंकांत जितके अंतर असेल, तितक्या वेळा ९९९ वजाबाकीत येतात. मधल्या दोन अंकांचे असेच. त्यांच्यात जितके अंतर असेल, तितक्या वेळा ९० येतात. ५२८० मध्ये ८ आणि ० यांचे अंतर ८, तसेच ५ आणि २ यांचे अंतर ३. आठ वेळा ९९९ म्हणजे ७९९२, तीन वेळा ९० म्हणजे २७०, आणि दोहोंची बेरीज ८२६२. वरची पहिली वजाबाकी नेमकी हीच आहे. तात्पर्य, उत्तर केवळ या दोन अंतरांवर ठरते. पहिले अंतर १ पासून ९ पर्यंत असू शकते आणि दुसरे पहिल्याहून अधिक असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या अवघ्या ५४ भरतात. चार अंकी संख्या नऊ हजार; चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्या तरी ८९९१ उरतात. एवढा मोठा समुदाय पहिल्याच पावलाला फार तर ५४ वाटांत सामावतो, आणि त्या ५४ वाटा पुढे एकमेकींना मिळत मिळत एकाच मुक्कामी येऊन पोचतात. पंढरीच्या वाटेवर गावोगावच्या दिंड्या जशा एकत्र येत जातात, तसाच हा प्रकार आहे.

एवढेच नव्हे, तर ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून १८ ने तिला पूर्ण भाग जातो. भागाकार ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. अर्थात, कापरेकरांची ही संख्या त्यांच्याच व्याख्येप्रमाणे हर्षदही आहे.

हे सारे आज वाचताना गोड वाटते. परंतु कापरेकरांना त्याचे कौतुक सहजी लाभले नाही. आपल्या देशातील अनेक गणितज्ञ त्यांच्या या उद्योगाला हसत. हा पोरखेळ आहे, यात गणिताची खोली नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्या आक्षेपात मुळीच तथ्य नव्हते, असेही म्हणता येणार नाही. संख्या ही जणू व्यक्ती आहे आणि अंक हा तिचा पेहराव आहे. माणसाच्या हातांना दहा बोटे म्हणून आपण दहा-दहाच्या गटांनी मोजतो. आठच बोटे असती, तर आपण आठ-आठच्या गटांनी मोजले असते, त्याच संख्या निराळ्या अंकांनी लिहिल्या असत्या आणि ६१७४ ची ही करामत दिसली नसती. मग व्यक्ती सोडून पेहरावाचा अभ्यास कशाला करावयाचा, असा विद्वानांचा प्रश्न होता.

कापरेकरांनी कोणाशी भांडण मांडले नाही आणि आपले काम थांबविलेही नाही. मद्यप्याला पहिल्या घोटाची धुंदी तशीच टिकावी म्हणून प्याला सोडवत नाही, तशीच अंकांच्या बाबतीत आपली गत आहे, असे ते स्वतःच मोकळेपणाने कबूल करीत. मोठ्या नियतकालिकांची दारे त्यांना सहसा उघडत नसत. मग ते आपले लेखन लहान नियतकालिकांकडे पाठवीत, आणि तेथेही जागा न मिळाली, तर पदरचे पैसे घालून पुस्तिका छापून घेत. त्या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून त्यांचेच नाव आणि देवळालीचाच पत्ता असे. शाळामास्तराचा पगार तो केवढा! त्यातून हा खर्च करणे सोपे नव्हते. परंतु जे सत्य आपल्याला दिसले, ते आपल्याबरोबर नाहीसे होऊ नये, ही तळमळ त्यामागे होती.

विद्यार्थ्यांना मात्र या छंदाचा लाभ पुरेपूर मिळाला. वजाबाकी शिकविताना ती कंटाळवाणी होऊ न देणे, हे कोणत्याही शिक्षकापुढील अवघड काम असते. स्वतः कापरेकरच आकड्यांत रमत असल्यामुळे त्यांचा तो आनंद मुलांपर्यंत आपोआप पोचे. आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानासाठी बोलावणी येत आणि आपल्या नवनव्या रीती ते तेथे रंगून सांगत.

१९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा शोध मांडला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावर त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. तरीही त्यांची कीर्ती सर्वत्र पसरण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे एक लेखक होते. त्यांच्यापाशी गणिताची पदवी नव्हती. परंतु गणितातील गमती सोप्या भाषेत सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील त्यांचे सदर देशोदेशींचे वाचक आवडीने वाचीत. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांचा परिचय करून दिला. त्याबरोबर देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभरच्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. जे शोध घरच्या घरी छापलेल्या पुस्तिकांत पडून होते, त्यांवर दूरदूरचे लोक विचार करू लागले. चारऐवजी तीन अंक घेतले तर काय होते? तेथे ४९५ ही संख्या मिळते. पाच अंक घेतले तर? तेथे असा एकच मुक्काम नाही. दहाऐवजी दुसऱ्या एखाद्या संख्येच्या गटांनी मोजले तर? ज्या पेहरावाची थट्टा झाली होती, त्याच्याविषयीच असे नवे प्रश्न उभे राहिले आणि विद्वानही त्यांची उत्तरे शोधू लागले.

ही कीर्ती आली तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. त्यात भागत नसल्यामुळे गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांना चरितार्थ चालवावा लागे. जगप्रसिद्धीने त्यांच्या घरी संपत्ती आणली नाही. परंतु ज्या सोबत्यांशी त्यांनी लहानपणी मैत्री केली होती, त्या अंकांनी त्यांना अखेरपर्यंत अंतर दिले नाही. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते. शाळांतून मुले तिचा खेळ खेळतात आणि संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना सरावासाठी हेच उदाहरण दिले जाते. यंत्र क्षणार्धात नऊ हजार संख्या तपासून कापरेकरांचे म्हणणे बरोबर असल्याची ग्वाही देते. परंतु असे काही तपासून पाहावे, ही कल्पना यंत्राला सुचली नव्हती. ती एका खेड्यावजा गावातील शिक्षकाला, हाती लेखणी असताना, सुचली.

मोठे काम करण्यासाठी मोठे शहर, मोठी पदवी आणि मोठ्यांची शाबासकी लागते, असे अनेकांना वाटते. कापरेकरांपाशी यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्यापाशी होती ती जवळच्या वस्तूकडे पुनःपुन्हा आणि प्रेमाने पाहण्याची दृष्टी. लोक हसले म्हणून त्यांनी आपला आनंद टाकून दिला नाही, आणि कीर्ती उशिरा आली म्हणून मनात कडवटपणा धरला नाही. संख्येचे सत्य स्थळ पाहत नाही आणि माणूसही पाहत नाही. देवळालीच्या शिक्षकाला जे उत्तर मिळाले, तेच मद्रासच्या परिषदेत मिळाले, तेच अमेरिकेच्या वाचकाला मिळाले. कळमना बाजारात काट्याजवळ पडलेली एखादी चिठ्ठी उचलून कोणी मुलगा तिच्यावरील चार अंक मांडू लागला, तर त्यालाही थोड्याच वेळात तेच उत्तर मिळेल. त्या क्षणी त्याच्या मनात जो हर्ष दाटेल, तोच देवळालीच्या त्या शिक्षकाने आयुष्यभर जपला होता.